बर्फावरच्या रेघेची परीक्षा

स्नोबोर्ड शिकवणाऱ्यांसाठी ज्या परीक्षा असतात, त्यांच्या वरच्या पायरीवरची एक मागणी ऐकून मी थक्क झाले. परीक्षार्थी म्हणजे कित्येक हिवाळे बर्फावर काढलेली माणसं. खड्या उतारावरून वाऱ्यासारखी खाली येणारी, उंचवट्यावरून हवेत उडून गिरकी घेऊन पुन्हा पायांवर उतरणारी. अशा माणसाला परीक्षक सांगतो, की आज पहिल्यांदाच बोर्डावर उभ्या राहिलेल्या शिकाऊला दाखवाल तसं एक साधं वळण दाखवा. सावकाश. आणि ते वळण तो असं निरखतो, की त्यापुढे उड्या आणि गिरक्या सोप्या वाटाव्यात. वेगात असताना वेगच पुष्कळ चुका पोटात घालतो. संथ वळणात तोल क्षणभर जरी ढळला, तरी तो उघड्यावर पडतो.

मी राहते भोपाळला, साकेत नगरात. कर्कवृत्त आमच्या थोडंसं उत्तरेकडून जातं आणि शहराची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटर. इथे बर्फ बघायचा तर गोळेवाल्याच्या गाडीवर. पण माझी भाची कॅनडात स्नोबोर्ड शिकवते आणि सध्या तिसऱ्या पातळीच्या परीक्षेची तयारी करतेय. तिच्यामुळे या विद्येत डोकावले, आणि जे दिसलं ते इतकं विलक्षण होतं की सांगितल्यावाचून राहवत नाही.

पातळ्यांचं गणित आधी उरकते. कॅनडातल्या ‘कासी’ या संघटनेच्या चार पातळ्या आहेत, ब्रिटनच्या ‘बासी’च्याही चार, अमेरिकेतल्या ‘आसी’च्या तीन. पहिली पातळी झाली की सौम्य उतारावर नवशिक्यांना शिकवता येतं. दुसरी झाली की वळणाला वळण जोडू लागलेल्यांना. तिसऱ्या पातळीवरच्या माणसाकडून अपेक्षा अशी, की समोर कोणीही येवो, कसलाही उतार असो, तिथल्या तिथे बघून नेमकं काय शिकवायचं ते त्याला कळलं पाहिजे. म्हणून या परीक्षेत स्वतः किती छान उतरता, याच्या बरोबरीने शिकवता कसं, हेही तपासलं जातं.

हे सगळं समजून घ्यायचं तर बोर्ड वळतो कसा, इथून सुरुवात करायला हवी. जेवणाच्या टेबलावर करता येईल असा एक प्रयोग आहे. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची लांबट पट्टी घ्या. तिच्या दोन्ही लांब कडा कात्रीने मधोमध किंचित आत कापा, म्हणजे पट्टी टोकांना रुंद आणि कमरेत बारीक होईल. आता ती एका कडेवर तिरपी धरून टेबलाला टेकवा. फक्त दोन टोकं टेकतात, मध्ये फट राहते. बोटाने मध्यभागी दाबा. फट मिटते, आणि फट मिटताना पट्टीला बाक येतो. टेबलाला चिकटलेली कड आता वर्तुळाचा एक तुकडा झालेली असते.

स्नोबोर्डची सगळी किमया या बाकात आहे. बोर्डाच्या कडेला पोलादी पट्टी असते आणि तिचा आतला बाक साधारण सात ते नऊ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा असतो. बोर्ड तिरपा करून त्यावर वजन टाकलं, की तो वाकतो आणि त्या वाकलेल्या कडेने बर्फ कापत, जणू आधीच आखून ठेवलेल्या वाटेने, आपलं आपण वळत जातो. जितका तिरपा, तितकं वळण आवळतं. आठ मीटर त्रिज्येचा बोर्ड साठ अंशांत कलंडवला तर तो चार मीटर त्रिज्येचं वळण घेतो, म्हणजे बरोबर निम्मं. शाळेत ज्या कोसाइनचा उपयोग काय म्हणून आपण वैतागतो, तो इथे डोंगरउतारावर बर्फात कोरलेला दिसतो.

आणि तो अक्षरशः दिसतो. कडेवर नीट पेललेलं वळण मागे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक, स्वच्छ रेघ सोडतं. घसटत गेलेलं वळण पंख्यासारखा पसरट फराटा सोडतं. परीक्षार्थी पुढे निघून गेला तरी त्याची उत्तरपत्रिका उतारावर पडलेली असते. रेघ कुठे जाड झाली, कुठे तुटली, वळणाच्या सुरुवातीलाच उमटली की अर्ध्यात, यावरून जाणकार माणूस त्या जागी शरीराचं काय चाललं होतं ते सांगू शकतो.

आता शरीराकडे येऊ. वळताना माणूस आत झुकतो, दुचाकीवाला झुकतो त्याच कारणाने, आणि किती झुकायचं हे वेग आणि वळणाची त्रिज्या मिळून ठरवतात. आकडे मांडून बघितले तेव्हा मला खरी गंमत कळली. आठ मीटरचा बोर्ड पंचेचाळीस अंशांत कलंडवला, की वळणाची त्रिज्या येते साधारण पावणेसहा मीटर. वेग ताशी सत्तावीस किलोमीटरच्या आसपास असेल, तर शरीरही पंचेचाळीस अंशांत झुकून तोल साधतं. सगळं कसं एका रेषेत. पण वेग ताशी वीसच असला तर? मग तोल राखायला शरीराने साधारण तीसच अंश झुकायला हवं, त्याहून जास्त झुकलं की आडवं. (उताराचा हिशेब इथे बाजूला ठेवलाय, तो धरला की गणित आणखी गुंतागुंतीचं होतं.) बोर्ड पंचेचाळीसवर, शरीर तीसवर. मधले पंधरा अंश जायचे कुठे? ते घोटा, गुडघा आणि खुबा यांनी आपसात वाटून घ्यायचे. वेग बदलला की वाटणी बदलते, बर्फ कडक लागला की बदलते, उतार वाढला की बदलते, आणि हे सगळं एका वळणाच्या आत, श्वास घ्यायच्या अवधीत. ही आकडेमोड कोणी मनात करत नाही. ती पायांत घडते, आणि मला तर हे कुठल्याही जादूपेक्षा मोठं वाटतं.

स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, आडव्या अंगाने. ऐकायला ही अडचण वाटते, पण तीतूनच एक अजब सोय निघते: फळी पिळता येते. पुढच्या पायाची बोटं खाली दाबली आणि मागच्या पायाची टाच तशीच रोवून ठेवली, की फळीचा पुढचा भाग एकीकडे कलतो आणि मागचा दुसरीकडे. टाचेच्या कडेवरून चवड्याच्या कडेवर जातानाचं वळण म्हणजे हा पीळ. आधी पुढचा पाय कड सोडतो. फळीचं नाक उताराच्या दिशेने, ओतलेलं पाणी जिकडे धावेल तिकडे, वळू लागतं. मागचा पाय अजून जुन्या कडेवर असतो. मग पुढचा पाय नवी कड पकडतो, आणि त्याच्या पाठोपाठ मागचा. अमेरिकन प्रशिक्षक बोर्डाच्या सगळ्या हालचाली चार क्रियापदांत मांडतात: तिरपा करणं, पिळणं, फिरवणं, दाबणं. जगातलं प्रत्येक वळण म्हणजे या चारांचं कमीजास्त मिश्रण.

या पिळाच्या मधोमध एक क्षण येतो, जेव्हा फळी सपाट असते आणि नाक सरळ खाली रोखलेलं असतं. नवशिक्या इथे घाबरतो. घाबरलेलं शरीर उताराकडे पाठ फिरवू बघतं, वजन मागच्या पायावर जातं. पण वजन मागे गेलं की नाक हलकं होतं, आणि हलकं नाक वळत नाही. म्हणजे सुटका हवी तर ज्या दिशेची भीती वाटते त्याच दिशेला, खाली, झुकायचं. त्यातच उताराकडची कड चुकून बर्फात रुतली, तर बोर्ड जागीच थबकतो आणि माणूस तोंडावर किंवा पाठीवर आपटतो. पडताना हात आपोआप पुढे जातात, म्हणून नवशिक्यांची मनगटं मोडतात. स्वतःला वाचवण्याची माणसाची उपजत बुद्धी इथे उलटी चालते, आणि प्रशिक्षकाला त्या बुद्धीशीच बोलावं लागतं.

बोलायचं पण कसं? इथे मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट सापडली. गाब्रिएल वुल्फ नावाच्या संशोधक विंडसर्फिंग शिकत होत्या. एक अवघड वळण काही जमेना. पायांनी दाब कसा द्यायचा, याचा विचार करून त्या सारख्या पाण्यात पडत होत्या. मग त्यांनी पायांचा विचार सोडला आणि फळी कलवण्याकडे लक्ष दिलं. वळण जमू लागलं. हा योगायोग की नियम, हे तपासायला त्यांनी सहकाऱ्यांसोबत स्कीइंगसारखी हालचाल करायला लावणारं यंत्र वापरलं. वाकड्या रुळांवर डावीउजवीकडे सरकणारा चाकांचा पाट, आणि त्यावर उभा माणूस. काही जणांना सांगितलं, बाहेरच्या पायाने जोर लावण्याकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, बाहेरच्या चाकांवर जोर लावण्याकडे लक्ष द्या. चाकं पायांच्या थेट खालीच होती! कृती एकच, फरक होता तो फक्त लक्ष कुठे ठेवायचं एवढाच. तरी चाकांकडे लक्ष देणारे सरस ठरले. १९९८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि पुढे पोहणं, गोल्फ, तोल सांभाळणं अशा कितीतरी हालचालींत हाच कल दिसत गेला. स्पष्टीकरण असं, की शरीराच्या एखाद्या अवयवावर जाणीवपूर्वक हुकूम चालवायला गेलं की ज्या हालचाली एरवी आपोआप जुळून येतात, त्यांत आपणच खोडा घालतो.

म्हणून ‘गुडघा वाकव’ म्हणणारा प्रशिक्षक आणि ‘फळीचं नाक त्या झाडाकडे जाऊ दे’ म्हणणारा प्रशिक्षक, दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असले तरी ऐकणाऱ्याच्या अंगात वेगवेगळं काहीतरी घडतं. एका वाक्याचा हा फरक आहे, आणि वरच्या पातळीच्या परीक्षेत ही वाक्यंच तोलली जातात.

नवशिक्या ताठ का होतो, याचं उत्तर त्याहून जुनं आहे. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात मॉस्कोत हातोडा चालवणाऱ्या कामगारांच्या सांध्यांवर बारीक दिवे लावून त्यांच्या हालचालींचं चित्रण केलं. पट्टीच्या कामगाराच्या हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास त्याच वाटेने येत होतं, पण खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी वेगळ्या तऱ्हेने ती वाट साधत होते. कौशल्य म्हणजे एकच हालचाल घोटणं, ही समजूत तिथे कोसळली. शरीरात इतके सांधे, इतक्या शक्यता, की नवशिक्या त्यांच्या गर्दीने भांबावतो आणि त्यातले बरेचसे सांधे सरळ गोठवून टाकतो. स्कीइंगच्या तशाच यंत्रावर १९९२ साली डच आणि अमेरिकन संशोधकांनी हेच दाखवलं: सुरुवातीला पाय आणि धड ताठ, सराव वाढला की सांधे मोकळे होत जातात. तेव्हा उतारावरचा लाकडी ओंडक्यासारखा उभा माणूस चुकत नसतो. तो शिकण्याच्या पहिल्या पायरीवर असतो, आणि त्याला ‘सैल सोड, सैल सोड’ म्हणून ओरडण्यात काही हशील नसतं.

एका रविवारी भाचीने मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. तिशीतली एक बाई वळण घेतेय, हात हवेत फेकतेय. फोनवर भाची म्हणाली, “मावशी, सांग बघू हिचं कुठे बिघडतंय?”

“हात,” मी म्हटलं. “केवढे हात उडवतेय!”

“हात सगळ्यात शेवटी बघायचे गं. खालून वर ये. आधी फळी बघ, बर्फावर काय करतेय. मग घोटे, मग गुडघे, मग कंबर.”

मी पुन्हा लावली. चौथ्यांदा बघताना दिसलं. फळी वळत नव्हती, ढकलली जात होती. मागचा पाय तिला झाडूसारखा बाजूला सारत होता.

“बरोबर! आता का ढकलतेय ते सांग.”

मला सांगता येईना. मग तिने साखळी उलगडली. मागचा पाय ढकलतोय, कारण पुढच्या पायावर वजन नाही. वजन नाही, कारण ती मागे रेललीय. रेललीय, कारण घाबरलीय. घाबरलीय, कारण उतार तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. हात उडतायत ते ढकलण्याच्या झटक्याला तोलून धरायला. हातांबद्दल बोललं तर हात शांत होतील आणि ती पडेल.

“मग काय सांगायचं तिला?” मी विचारलं.

“काहीच नाही. शेजारच्या सौम्य उतारावर घेऊन जायचं. तिथे ती आपोआप पुढे येते.”

परीक्षेत याच साखळीचं शेवटचं टोक शोधायचं असतं. परीक्षक एखाद्याला उतरायला लावतो, परीक्षार्थीने बघायचं, चुकांच्या ढिगातून मूळ एक उचलायची आणि तिच्यावर उपाय योजायचा. दहा चुका अचूक मोजून दाखवणारा इथे पुढे जात नाही.

बर्फावर घसरायला शिकवण्याची ही विद्या तशी तरुण आहे. १८९७ च्या सुमारास ऑस्ट्रियात मथायस झ्दार्स्की याने स्कीइंगचं तंत्र पुस्तकात मांडलं, आणि त्याच देशातल्या सेंट अँटोनमध्ये हानेस श्नायडरने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत नवशिक्यापासून तरबेज माणसापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी शिकवण्याची रीत बसवली. स्नोबोर्ड त्याहून कितीतरी नंतरचा. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन या गृहस्थांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून जे खेळणं बनवलं, त्यातून तो उगवला. १९९८ मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याला प्रवेश मिळाला. आपल्याकडे ही वाट सैन्याने पाडली. १९४८ च्या डिसेंबरात गुलमर्गला जनरल थिमय्यांच्या १९व्या इन्फन्ट्री डिव्हिजनचं स्की स्कूल सुरू झालं, तेच आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. गुलमर्गलाच केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे, आणि तिथला गोंडोला अफरवतच्या अंगावर जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत नेतो.

मराठी मंडळींना याच्या जवळची शिडी माहीत आहे ती गिर्यारोहणातली. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक, मग ॲडव्हान्स, आणि त्यानंतर ‘एमओआय’, म्हणजे शिकवायचं कसं हे शिकवणारा अभ्यासक्रम. बेसिकला ‘ए’ श्रेणी मिळाल्याशिवाय ॲडव्हान्सचं दार उघडत नाही, आणि ॲडव्हान्सला ‘ए’ मिळाल्याशिवाय एमओआयचं. सह्याद्रीत वाढलेले कितीतरी गिर्यारोहक ही शिडी चढून आलेत. कड्यावर चढणाऱ्याला तिथे फळ्यापुढे उभं राहून गाठ समजावून सांगावी लागते, आणि खडकापेक्षा फळा अवघड गेला असं सांगणारे मला भेटले आहेत.

पण माझ्या मनात सारखा येतो तो मल्लखांब. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केलेली ही विद्या २०१३ मध्ये मध्य प्रदेशचा राज्यखेळ झाली. उज्जैनच्या योगेश मालवीय यांना तिच्या प्रशिक्षणासाठी २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मुंबईत शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. याचा विचार करा. ‘माझ्याकडे बघ आणि तसं कर’ हे शिक्षकाचं सर्वांत मोठं हत्यार तिथे गळून पडतं. उरतो शब्द, आणि उरतो हात, जो योग्य क्षणी आधार देतो आणि योग्य क्षणी सुटतो. कधी सोडायचं, हे कुठल्या पुस्तकातून कळणार? स्नोबोर्डच्या पहिल्या धड्यातही प्रशिक्षक शिकाऊचे दोन्ही हात धरून, त्याच्याकडे तोंड करून, उताराच्या खालच्या बाजूने चालतो, आणि कुठल्यातरी वळणावर हात सोडतो. साता समुद्रांपलीकडचा बर्फ आणि शिवाजी पार्कची लाल माती इथे मला एकाच घराण्यातली वाटतात.

तिसऱ्या पातळीची आणखी एक अट मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. परीक्षार्थीला उलट्या पायानेही उतरता यावं लागतं. ज्याचा डावा पाय एरवी पुढे असतो, त्याने उजवा पुढे करून. प्रशिक्षक आपापसात याला ‘स्विच’ म्हणतात. वरवर बघता ही कसरत वाटेल, पण समोरचा शिकाऊ उजव्या पायाचा निघाला तर त्याला आरशासारखं दाखवता यायला हवं, हे एक कारण. दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं. पाय उलटा केला की वर्षानुवर्षांची कमाई एका क्षणात निम्मी होते. घोटे गोठतात, वजन मागे जातं, हात उडू लागतात. बर्नस्टाइनने सांगितलेली पहिली पायरी अनुभवी माणसाच्या अंगात परत अवतरते. ताठ झालेल्या माणसाला आतून काय वाटत असतं, हे विसरून गेलेल्या प्रशिक्षकाला ते पुन्हा कळतं, आणि स्वतःला काय सांगितल्यावर सांधे सुटतात, तेही कळतं. तेच वाक्य दुपारी शिकाऊच्या कामी येतं.

भाची सध्या लिफ्ट सुरू झाल्यापासून वर्ग भरेपर्यंतचा सगळा वेळ उलट्या पायानेच उतरते. टाचेकडून चवड्याकडे जातानाचं वळण तिच्या म्हणण्याप्रमाणे आता बरंच स्वच्छ आलंय, दुसऱ्या बाजूची रेघ अजून सुरुवातीलाच जाडी होते. मागच्या पायाने ढकलायची सवय तिलाही तिथे लागलीय, आणि ती घालवायला ती सौम्य उतारावर परत गेलीय. परीक्षा मोसमाच्या अखेरीस आहे.